लाल नेलचं कार्ड

हारिंगहूक गावात आडनावं दोनच. अर्धं गाव हॉप, अर्धं गाव कॉक, आणि मुली इकडच्या तिकडे देतात, तिकडच्या इकडे आणतात. आडनावावरून माणूस शोधायला गेलात तर संध्याकाळपर्यंत गल्ल्याच हिंडत बसाल. इथे माणूस टोपणनावावर जगतो आणि टोपणनावावरच मरतो. पोस्टमनसुद्धा पाकिटावर काय लिहिलंय याच्या फंदात पडत नाही. खोकल्या यान की बेकरीवाला यान, एवढं विचारून पत्र टाकतो. तर आपला हार्मन हा पुलावरचा हार्मन. बंदराच्या तोंडाशी उचलता पूल आहे, त्याचं चाक फिरवण्यात त्याची सगळी नोकरी गेली.

पुलावरच्या माणसाला काम थोडं आणि वाट बघणं फार. बोट आली की पूल उचलायचा, आणि ती खालून जात असताना काठीच्या दोरीला बांधलेला लाकडी बूट तिच्यापुढे सोडायचा. नावाड्यानं पुलाचे पैसे त्या बुटात टाकायचे. एकदा एका परगावच्या नावाड्याकडे सुटे नव्हते. त्यानं बुटात एक जुनं पोस्टकार्ड टाकलं, टोपी हलवली आणि तो निघून गेला. हार्मननं त्याच्या पाठीमागे चार शिव्या घातल्या आणि मग कार्ड बघितलं. कार्डावर हारिंगहूकचं बंदर होतं, त्याच्या जन्माआधीचं, आणि धक्क्यावर एक माणूस पाठमोरा उभा होता. ती पाठ त्याच्या आजोबांची होती. तसं एका खांद्यावर कलून उभं राहणं त्यांच्या घराण्याशिवाय कुणाला जमत नाही. पुलाचे पैसे हार्मननं स्वतःच्या खिशातून भरले आणि त्या दिवसापासून त्याला हे वेड लागलं.

वेडच म्हणायचं, दुसरं काय! फोटो, पोस्टकार्डं, चित्रं, जे काही हारिंगहूकचं असेल ते त्याला हवं. गावात कुणी म्हातारं माणूस गेलं की पाद्र्याच्या मागोमाग हार्मन पोचतो, असं लोक म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण तो रिकाम्या हाती जात नसे. केक घेऊन जाई, गेलेल्या माणसाबद्दल दोन चांगले शब्द बोले, आणि उठता उठता हळूच विचारी, "माळ्यावरचं टाकून देण्याआधी मला एकदा सांगाल का?" युद्धाच्या आधी गावात चित्रकार यायचे, खाणावळीत महिना महिना राहायचे आणि खिशात दमडी नसली की चित्र देऊन सुटायचे. त्यांतलं एक चित्र हार्मनला चीजच्या कोठीच्या झरोक्याला लावलेलं मिळालं, उंदीर येऊ नयेत म्हणून.

एवढं जमवून लोक काय करतात? काचेच्या कपाटात ठेवतात आणि किल्ली उशाशी घेतात. हार्मनचं उलटं. दर गुरुवारी दुपारी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बुटांची खोकी उघडी पडत, आणि ज्याला यायचं त्यानं यावं, हात धुऊन बसावं आणि खोक्यात हात घालावा. फोटो हाताळल्याशिवाय बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. बदल्यात एकच अट होती: चेहरा ओळखलात तर नाव सांगायचं. मग तो कानामागची पेन्सिल काढून फोटोच्या पाठीवर ते नाव बारीक अक्षरात लिही. त्याची बायको हिल्ले सगळ्यांना कॉफी देई आणि कॉफीबरोबर एक बिस्कीट. एक घेतलं की डब्याचं झाकण खट्‌कन बंद. दुसऱ्यासाठी हात पुढे करण्याची कुणाची छाती नव्हती.

या गुरुवारच्या सभेतली सगळ्यात जाणती बाई म्हणजे आर्त्ये. एकोणऐंशी वर्षांची, पाय थकलेले, चाकांची ढकलगाडी ढकलत यायची. पण डोळे आणि डोकं शाबूत. पाठमोरी माणसं ओळखायची, पाळण्यातली बाळं ओळखायची. "हा कोंबडीचोर पीट. आणि ही त्याची आई. हिच्या डोक्यावरची टोपी हिची नव्हे, जावेची आहे." असं ती ठणकावून सांगायची आणि ते खरंच निघायचं.

एकाच कार्डापाशी आर्त्ये अडायची. ते कार्ड हारिंगहूकच्या सगळ्या कार्डांत प्रसिद्ध. चौतीस सालच्या उन्हाळ्यात काढलेलं, रंगीत. धरणाच्या बांधावर एक तरुण मुलगी उभी आहे, हातात बाम माशांची टोपली, आणि ती तोंडभर हसते आहे. अंगावर हारिंगहूकचा पोशाख, खांद्यांवरून छातीवर आलेला खळ दिलेला ताठ खांदेपट्टा, आणि त्यावर लालभडक फुलं. शहरातल्या दुकानांत हे कार्ड हजारांनी खपलं. लोकांनी ते अमेरिकेतल्या मामांना धाडलं. आर्त्येच्या हाती ते आलं की ती ते उलटं करून खाली ठेवायची.

"ही कोण, आर्त्ये?" एखादा नवखा विचारायचा.

"माहीत नाही."

मग सगळे कॉफीत बघायचे, कारण माहीत सगळ्यांना होतं. कार्डावरची मुलगी आर्त्येची धाकटी बहीण नेल होती. दोघी बहिणी एकाच गल्लीत समोरासमोर राहत होत्या. आणि पन्नासहून अधिक वर्षं एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, या एका कार्डापायी.

झालं होतं ते असं. तेहतीस सालच्या शरदात या मुलींचा बाप बोटीसकट बुडाला. बापासाठी दुखवटा म्हणजे हारिंगहूकमध्ये दोन वर्षं निखळ काळं. नुसतं काळं नव्हे. पहिल्या वर्षाचं काळं वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. मग जांभळं, मग निळं, आणि मग कुठे एखादं फूल. बाई रस्त्यानं जाताना दिसली की तिच्या घरातून कोण गेलं आणि किती महिने झाले हे इथली शेंबडी पोरही सांगते. कपड्यानं इथे कुणी फसवत नाही. माणूस खोटं बोलेल, कापड बोलणार नाही, असा पक्का समज.

आणि बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं, तोच नेलची ही छबी छापून आली. लाल फुलं लेवून, दात दाखवत. चर्चचे दोन पंच कार्ड घेऊन घरी आले आणि त्यांनी ते तिच्या आईपुढे टेबलावर ठेवलं. नेल म्हणाली, "मी काळंच घातलं होतं." पंच म्हणाले, "इथे तर लाल दिसतंय." छापील कार्डापुढे एकोणीस वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतो! फोटोवाल्यानं चार पैसे दिले असणार, त्याच्या पेटीतला पोशाख हिनं चढवला असणार, असं गावानं ठरवून टाकलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. आई पुढे सात-आठ वर्षं जगली, पण नेलच्या हातचं पाणी घेताना मान फिरवायची. आर्त्ये तेव्हा नुकती लग्न होऊन समोरच्या घरात गेली होती. तिनं दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. नेलचं नाव पडलं लाल नेल.

लाल नेलनं पुढे काय केलं? काळं काढलंच नाही. दोन वर्षं झाली, जांभळ्याची वेळ आली, निळ्याची आली, ही आपली पहिल्या वर्षाच्या काळ्यात. जाळी विणून पोट भरायची, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. गावाला वाटलं, बिचारीला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप कसला डोंबलाचा, हट्ट होता. मी त्या गावात बरीच वर्षं काढली आहेत. तिथे हट्ट आणि पश्चात्ताप एकाच बाकावर बसतात आणि दिसतातही सारखेच.

हार्मननं या प्रकरणात कधी नाक खुपसलं नव्हतं. कार्ड त्याच्याकडे एक नव्हे, चार प्रतींत होतं, आणि दर गुरुवारी ते खोक्यात असायचं. सुंदर कार्ड होतं, एवढंच त्याला दिसायचं. त्या कार्डाचा एक ठरलेला विनोदही होता. कार्डावर मुलीच्या मागे बोटी आहेत आणि त्यांची शिडं हिरवीगार. हारिंगहूकची शिडं झाडाच्या सालीत उकळून तपकिरी करतात, बापजन्मात कुणी हिरवं शीड पाहिलेलं नाही. "शहरातल्या माणसाला शीड म्हणजे कोबी वाटला," असं म्हातारे नाविक म्हणायचे आणि दर वेळी नव्यानं हसायचे.

नव्वद सालच्या सुमाराला ग्रामसभेनं ठरवलं की लिलावाच्या जुन्या मासळी-शेडमध्ये हार्मनचा सगळा संग्रह मांडायचा. शेड धुऊन काढली, पण कितीही धुतली तरी वास जाईना. "असू दे," हार्मन म्हणाला, "फोटोंतल्या माणसांना ओळखीचं वाटेल." आपल्या मालमत्तेत काही उणं राहू नये म्हणून तो त्याआधी युट्रेख्ट शहरी गेला. तिथे वर्षातून एकदा कार्डवाल्यांची जत्रा भरते. तिथले अट्टल लोक विकत काही देत नाहीत, बदलून देतात. पैसे दाखवले की तोंड फिरवतात.

तिथे एका टेबलावर त्याला एक पाकीट दिसलं. एका जुन्या फोटोवाल्याच्या दुकानातले, कार्डं छापायच्या आधीचे मूळ फोटो, काळे-पांढरे. हार्मननं पाकीट उघडलं आणि तिसराच फोटो नेलचा निघाला. तीच बांधावरची, तीच टोपली, तेच हसू.

"काय देणार?" टेबलामागचा माणूस म्हणाला.

हार्मननं सोबत आणलेली जादा कार्डं दाखवली. माणसानं मान हलवली. मग त्याची नजर हार्मनच्या पिशवीतल्या सपाट पुठ्ठ्यावर गेली. त्यात एक जलरंगातलं चित्र होतं, बंदरात उभी असलेली एकच बोट. हार्मन ते चौकटीत बसवायला घेऊन आला होता. ती त्याच्या वडिलांची बोट होती आणि त्या बोटीचं दुसरं कुठलंही चित्र जगात नव्हतं.

"हे देत असलास तर पाकीट तुझं."

हार्मन दुसऱ्या टोकाला जाऊन कॉफी पिऊन आला. परत आला तेव्हा तो माणूस पाकीट आवरायला लागला होता. हार्मननं पुठ्ठा त्याच्या हातात दिला. का दिला, हे त्याला धड सांगता आलं नसतं. जमवणाऱ्याची हाव म्हणा. मूळ फोटो समोर असताना सोडून जायचं म्हणजे जेवणाच्या ताटावरून उठण्यासारखं होतं.

घरी हिल्लेनं पाकिटाकडे बघितलं आणि पिशवीकडे बघितलं. "बोट कुठाय?"

"दिली."

"वडिलांची बोट दिलीस? आणि आणलंस काय?"

"लाल नेलचा मूळ फोटो."

"छान. वडील एकदा पाण्यावर गेले की दोन दोन महिने यायचे नाहीत. आता तर तू त्यांना कायमचंच धाडलंस." असं म्हणून हिल्लेनं हात धुतले, चष्मा लावला आणि फोटो उजेडात धरला. हिल्ले अजूनही रोज गावचा पोशाख घालणाऱ्या मोजक्या बायकांतली. तिनं फोटो वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग म्हणाली, "लाल कुठाय यात?"

"काळा-पांढरा फोटो आहे गं. त्या काळच्या फोटोंत लाल रंग काळाच यायचा."

"लाल काळा येईल. मान्य. फुलं कुठे गेली?"

हार्मन पुढे वाकला.

"ताटाएवढी फुलं आहेत तुझ्या कार्डावर. काळी तर काळी, कुठे तरी दिसायला नकोत? हे बघ, कोरं कापड आहे. काठाला पांढरी पट्टी नाही, टोपीला लेस नाही. हा पहिल्या वर्षाचा दुखवटा आहे, हार्मन. बापाचा."

हार्मननं खोक्यातून कार्ड काढलं आणि फोटोशेजारी ठेवलं. झग्याची तीच सुरकुती, वाऱ्यानं उडालेली तीच नाडी. फोटो एकच होता. वर शहरातल्या कुणा कारागिरानं कुंचला फिरवला होता; काळं कापड खपणार नाही म्हणून त्यावर लाल फुलं काढली होती. आणि मागची शिडं हिरवी केली होती. शिडं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर्षानुवर्षं त्याच टेबलावर, त्याच कार्डावर, चुकीच्या शिडांना गाव पोट धरून हसलं होतं. ज्यानं शिडं मनानं रंगवली त्यानं कपडेही मनानं रंगवले असतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कसं येणार! शीड चुकवलं तर तो शहरी गाढवपणा. पण दुखवट्याच्या कापडावर कुणी परका माणूस फुलं काढून ठेवील, ही गोष्टच हारिंगहूकच्या कल्पनेपलीकडची होती.

"आर्त्येला दाखव," हिल्ले म्हणाली. "तिचे डॉक्टर काही चांगलं बोलत नाहीत. ती अशीच गेली तर नेल जन्मभर लालच राहील."

"आधी नेलमावशीला विचारायला हवं."

"वा. आज बरं सुचलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्मन नेलच्या दारात उभा राहिला. ती शहात्तर वर्षांची होती, सुकलेली, सरळ, आणि अर्थातच काळ्यात. तिनं त्याला आत घेतलं, बसायला सांगितलं आणि स्वतः उभीच राहिली. त्यानं फोटो टेबलावर ठेवला. तिनं बघितला.

"मला काय दाखवतोस? मला माहीत आहे मी काय घातलं होतं."

"मावशी, पण आता पुरावा मिळाला."

"पुरावा तुम्हाला हवा होता. मला कुठे हवा होता?"

हार्मन टोपी हातात फिरवत राहिला.

नेल फोटोकडे बघत होती. "त्याची टोपी उडाली," ती म्हणाली. "फोटोवाल्याची. नवी कोरी गवताची टोपी. तो काळ्या फडक्यातून बाहेर आला आणि टोपीमागे धावला, आणि सरळ चिखलात बसला. उठला, आणि डोक्यावर चिखल घेऊन मला म्हणतो, हलू नका. कोण हसणार नाही? बाबा गेल्यापासून मी हसले नव्हते. तेवढं एकदाच हसले, आणि तेवढंच त्यानं टिपलं."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. एकदा. आईला, आर्त्येला आणि चर्चच्या त्या दोन पंचांना. एकदा खरं सांगितल्यावर दुसऱ्यांदा काय सांगायचं? तेच दुसऱ्यांदा सांगितलं की गयावया होते."

हार्मननं घसा साफ केला. "मी हा शनिवारी शेडमध्ये लावू का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही लावणार."

"कार्ड इतकी वर्षं दाखवतोयस. तेव्हा नाही विचारलंस."

त्याचे कान लाल झाले. म्हातारा माणूस, सगळ्या गावाला घरी बोलावून कॉफी पाजणारा, आणि या एका बाईची बेअब्रू दर गुरुवारी टेबलावर मांडत होता, तीही प्रेमानं. त्याला खरोखर वाईट वाटलं. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"हो, चुकलंच." नेलनं फोटो त्याच्याकडे सरकवला. "लाव. कार्डही लाव शेजारी. पण खाली एक अक्षर लिहू नकोस. लिहिलंस की लोक लिहिलेलंच वाचतात. इथल्या बायकांना कापड वाचता येतं."

"तुम्ही याल ना?"

"मी कशाला येऊ? मी तिथे होते तेव्हा."

शनिवारी शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतींवर, जुन्या मासळीच्या टेबलांवर, दोऱ्यांना चिमटे लावून, जिथे तिथे गावच गाव. लोक स्वतःच्या आज्या शोधत होते, एकमेकांचे कान धरून नाकं जुळवून बघत होते. "हा बघ तुझा बाप, लग्नाआधीचा. केस होते की रे त्याला!" "आणि हा तुझा. दात होते." हार्मन चहूकडे फिरत होता, पण त्याचं लक्ष पलीकडच्या खांबाकडे होतं. तिथे त्यानं ती दोन चित्रं शेजारी शेजारी लावली होती.

पुरुष आले, "अरे, कोबीची शिडं," म्हणून हसले आणि पुढे गेले. मग पोशाखातल्या दोन म्हाताऱ्या आल्या. एकीनं कार्ड बघितलं, फोटो बघितला, परत कार्ड बघितलं. तिनं दुसरीचा दंड धरला. तिसरी आली, चौथी आली. खांबाभोवती काळ्या-निळ्या टोप्यांची गर्दी झाली, आणि तेवढ्या कोपऱ्यातला आवाज बसत गेला. कुणा नवऱ्यानं विचारलं, "काय आहे तिथे एवढं?" त्याच्या बायकोनं "गप्प बसा" म्हटलं. त्या बायकांत एक-दोघी अशा होत्या की ज्यांच्या आयांनी नेलला विहिरीवर वाट दिली नव्हती.

हिल्लेनं आर्त्येला आणलं होतं. ढकलगाडीच्या चाकांचा आवाज आला तशी गर्दी दुभंगली. आर्त्येनं आधी कार्ड बघितलं आणि सवयीनं तोंड फिरवलं. मग तिला शेजारचा फोटो दिसला. ती तशीच उभी राहिली. बायका तिच्याकडे बघत होत्या. हार्मनला वाटलं, आपण हे फार चव्हाट्यावर मांडलं का? पण आता इलाज नव्हता.

"भिंग दे," आर्त्ये म्हणाली.

त्यानं खिशातलं भिंग दिलं. तिनं ते फोटोवर धरलं, चेहऱ्यावर नव्हे, डाव्या खांद्यावर, आणि बराच वेळ हलवलं नाही.

"काय दिसतंय, आर्त्ये?" हिल्लेनं हळू विचारलं.

"जोड." आर्त्येचा आवाज अगदी साधा होता. "काळं कापड पुरलं नव्हतं. बाबांच्या रविवारच्या कोटाची बाही कापली मी आणि खांद्यावर तिरकी जोड दिली. रात्री दिव्यात शिवली, वाकडी गेली. दुसऱ्या दिवशी नेल म्हणाली, असू दे, कुणाला दिसतंय." तिनं भिंग खाली केलं. "मी शिवलेलंच आहे हिच्या अंगावर. मला वाटलं, माझं शिवलेलं हिनं काढून टाकलं आणि भाड्याची फुलं चढवली. मला कपड्याचा राग नव्हता आला गं. बाबांची बाही होती ती."

हिल्लेनं नाक पुसलं. हार्मननं पुढे होऊन फोटो खांबावरून काढायला हात घातला, तिला द्यावा म्हणून. आर्त्येनं त्याला थांबवलं.

"राहू दे तिथे. सगळ्यांना बघू दे. नेल घरी आहे का?"

"कुठे जाणार? घरीच आहे."

"मग मला पोचव. हिल्ले नको, ती रडेल."

शेडपासून ती गल्ली जवळच आहे, पण आर्त्येच्या पायांना तो रस्ता लांब. वाटेत तिनं दोनदा थांबून दम घेतला आणि एकदा विचारलं, "ती फुंकर घालून कॉफी पिते का रे अजून?" हार्मन म्हणाला, त्याला माहीत नाही, त्याला कॉफी मिळाली नव्हती. स्वतःच्या दारापाशी आल्यावर आर्त्ये सवयीनं तिकडे वळली. मग तिनं गाडी फिरवली आणि समोरच्या दारावर थाप मारली.

नेलनं दार उघडलं. दोघी इतक्या जवळून एकमेकींना बघत होत्या ते पहिल्यांदाच, दोघी म्हाताऱ्या झाल्यानंतर.

"जोड बघितली," आर्त्ये म्हणाली.

"वाकडी आहे," नेल म्हणाली.

"रात्रीची शिवली होती."

"मी कधी तक्रार केली?"

गाडीची मूठ सोडून आर्त्येनं हात पुढे केला आणि नेलच्या खांद्यावर, जिथे जोड असायची तिथे ठेवला. आताचा पट्टा दुसराच होता, तिसरा की चौथा, पण तोही तसाच काळा. हार्मनला तिथून निघून जायचं होतं, पण मूठ सोडल्यामुळे गाडी उतारावरून घसरत होती आणि ती धरून त्याला उभं राहावंच लागलं.

"झालं ना आता," आर्त्ये शेवटी म्हणाली. "सगळ्या गावानं वाचलं. मी वाचलं. आता तरी उतरव हे काळं, नेल. किती वर्षं?"

नेलनं तिच्याकडे नीट बघितलं, डोक्यापासून थकलेल्या पायांपर्यंत. मग बाजूला होऊन तिला आत यायला वाट दिली.

"आज उतरवलं तर तुझ्यासाठी पुन्हा चढवावं लागेल," ती म्हणाली. "राहू दे. एकाच खेपेत होईल."